नमस्कार माऊलीला, बिल माणसाला

रामकृष्ण हरी, मंडळी! बसा, बसा. आणि जरा पुढं सरका! मागच्यांना मंडपाच्या खांबाशिवाय काही दिसत नाही, आणि इथं पुढं सतरंजी मोकळी पडलीय! लग्नात पंगत बसली की राहता का असे मागं? नाही ना? मग सरका. कीर्तनात पुढं बसलं म्हणून कुणी वर्गणी मागत नाही. ती काय मागं बसलेल्यांनाही सुटत नाही!

आता एक गोष्ट सांगतो आणि लगेच सोडून देतो. मघाशी मी आलो, तेव्हा मंडपाच्या पाठीमागं चिंचेखाली गाड्या लागत होत्या. तिथं मी काहीतरी पाहिलं. काय पाहिलं? — ते शेवटी! आत्ता सांगितलं तर अर्धी मंडळी उठून चिंचेखाली जातील, आणि इथं मी आणि आमचे मृदंगमहाराज दोघंच उरू. मृदंगमहाराजांना माझं सगळं पाठ आहे, त्यांना काय सांगू?

तर आजचा प्रश्न. कान इकडं द्या. गळ्यात तुळशीची माळ घातली. कपाळाला बुक्का लावला. मुखी नाम आहे. सगळ्यांच्या ठायी देव पाहायचा, असं म्हणतो आपण. बरोबर? मग त्या सगळ्यांपैकी एखाद्यानं आपलं नुकसान केलं — तर माळकऱ्यानं त्याची भरपाई मागावी का मागू नये?

तिकडून आवाज आला, "मागू नये!" कोण ते? पाटील? अहो पाटील, बांधावरचा लिंब भावानं तोडला, तेव्हा तीन गावांना ऐकू जाईल असं मागत होतात की तुम्ही! असू द्या, असू द्या, हसू नका. आणि या बाजूनं, बायांकडून काय आवाज आला? — "मागावी!" बघा! घर कोण चालवतं ते कळलं.

उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल पुंजाबा.

मंडळी, ऐका! पिंपळदरा नावाचं गाव. त्या गावात पुंजाबा गोर्डे नावाचा माणूस. साखर कारखान्यावर जन्मभर ट्रॅक्टर चालवला, निवृत्त झाला, आणि हातात आलेल्या पैशातून त्यानं काय घेतलं? बायकोला पाटल्या? नाही. घराला स्लॅब? नाही! एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. हौसाबाई, म्हणजे त्याची बायको, पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी बोलली. पुंजाबा म्हणतो, पंधरा दिवसच बरे होते!

पण व्हॅन घेतली कशासाठी? शेजारी इंदूताई. अंगणवाडीत गावाची दोन पिढ्यांची पोरं तिनं सांभाळली. नवरा नाही, मूल नाही. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त धुवून आणायचं. दोनदा म्हणजे दोनदा! तिथं उपास चालत नाही, उशीर चालत नाही. आणि एसटी? आली तर आली! म्हणून पुंजाबा तिला व्हॅनमध्ये घालून न्यायचा, आणि चार तास दवाखान्याच्या पायरीवर बसून हरिपाठ म्हणायचा. डिझेलपुरते पैसे घ्यायचा. तेही इंदूताई रागावायची म्हणून.

स्वभाव कसा? गावानं त्याला नाव ठेवलं होतं — जाऊद्याबाबा! दूधवाल्यानं पाणी घातलं — जाऊ द्या. कुणी उसनी नेलेली पहार वाकवून आणली — जाऊ द्या. देवळातून नवी चप्पल गेली, तर म्हणाला, "जाऊ द्या, त्याच्या पायात काटा मोडत असंल." हौसाबाई म्हणाली, "आवं, आता तुमच्या पायात मोडंल त्याचं काय?"

आणि एक सवय. ही ध्यानात ठेवा हं, सगळं आख्यान हिच्यावर उभं आहे! माळकरी माळकऱ्याला भेटला की काय करतो? वाकतो. आणि समोरचा काय करतो? तोही वाकतो! एकानं पाया पडायचं आणि दुसऱ्यानं ताठ उभं राहून आशीर्वाद द्यायचा, असं आपल्यात नाही. तू माऊली, तर तूही माऊली! आता पुंजाबाच्या अंगात ही सवय इतकी मुरलेली, की कुणी पायाशी वाकलं की त्याची पाठ त्याला न विचारता वाकायची. एकदा म्हणे इस्त्रीवाला त्याच्या पायाशी पडलेलं नाणं उचलायला वाकला — तर हा त्याच्याही पाया पडला!

हसलात? हसून घ्या. आता रडू येईल.

बाजाराचा दिवस. इंदूताईला दवाखान्यातून घेऊन पुंजाबा परत निघाला. फाट्यावर थांबला. रस्त्याच्या पार कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत व्हॅन लावली, हँडब्रेक ओढला, आणि तिच्यासाठी मोसंबी घ्यायला खाली उतरला. इंदूताई मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली. मोसंबीवाल्याशी भाव नाही केला — जाऊद्याबाबाच तो! पिशवी घेतली, मागं वळला, आणि —

धाड!

काळी, मोठी, उंच गाडी. वळण न घेता सरळ आली आणि उभ्या व्हॅनच्या तोंडावर बसली! दिवा फुटला, बॉनेट दुमडलं, रेडिएटर गेला, पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. आत इंदूताई! पुंजाबाच्या हातातली पिशवी सुटली, मोसंबी घरंगळत चालली, आणि हा धावला. दार उघडलं. "इंदूताई! अगं ए इंदूताई!"

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आलं का घर?"

पांडुरंगाची कृपा! तिला खरचटलंसुद्धा नाही. पुंजाबा तिथंच रस्त्यात बसला. 

काळ्या गाडीतून कोण उतरलं? जयवंतशेठ भवर. रस्त्यांची कंत्राटं घेणारा. रस्ता याचाच, खड्डे याचेच, आणि धडकलाही हाच! एका हातात मोबाइल, तो अजून कानाला. उतरल्या उतरल्या तोंड सुटलं, "गाडी लावायची अक्कल आहे का? कुठं लावतात गाड्या—" आणि मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. बाजाराचा दिवस! माणसं जमलेली. एक म्हणतो, "माळकऱ्याची गाडी ठोकली!" दुसरा म्हणतो, "आत आजारी बाई आहे!" तिसऱ्यानं बाह्या वर केल्या.

शेठ हुशार. त्यानं काय केलं? मोबाइल खिशात टाकला, चार ढांगांत पुंजाबापाशी आला, आणि — "माऊली, चुकलं माझं!" — वाकला की त्याच्या पायावर!

मंडळी, हा नमस्कार होता का? नव्हता! हे ब्रेक होते! जे ब्रेक गाडीला लावायचे, ते त्यानं गर्दीला लावले!

पण पुंजाबाला काय कळतंय? पायाला हात लागला. हा उठून उभा राहिला, आणि सवयीनं — "माऊली, माऊली!" — हाही वाकला शेठच्या पायावर. आता बघा गंमत! समोर रसवंती. तिथं एक गिऱ्हाईक रस पीत होतं. त्यानं मोबाइल काढायला, तो उघडायला, बोट दाबायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात शेठ उठून सरळ झाला होता. मग मोबाइलात काय आलं? शेठ ताठ उभा, आणि म्हातारा त्याच्या पायावर! पुढचं आलं, मागचं राहिलं. अर्धं सत्य, मंडळी. अख्ख्या खोट्याला पाय नसतात, पण अर्ध्या सत्याला चाकं असतात. संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या मोबाइलांत फिरलं.

"गॅरेजला टाका गाडी, माझा माणूस येईल, सगळं बघतो मी," असं म्हणून शेठ गेला. गर्दीही पांगली. दोघं एकमेकांच्या पाया पडले म्हणजे मिटलंच की!

माणूस आला का? नाही आला. दुसऱ्या दिवशी? नाही. गॅरेजवाला म्हणतो, "सामानाला आगाऊ पैसे लागतील." पुंजाबाच्या व्हॅनचा विमा होता, पण तो असा — ह्यानं दुसऱ्याला ठोकलं तर दुसऱ्याला मिळणार. ह्याला कुणी ठोकलं तर ह्याला काय? हरी हरी!

आणि इंदूताई? तिला रिक्षा ठरवून न्यायला लागलं. त्या रस्त्यावर रिक्षा म्हणजे सुपात घालून पाखडणं. एक वारी तर चुकलीच, रिक्षावाल्याच्या घरी बारसं होतं. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले, तोंड सुजलं, श्वास लागला. कशीबशी नेली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा चुकवू नका. मी आज सांगतोय, उद्या सांगायला संधी मिळेलच असं नाही."

त्या रात्री हौसाबाईनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "शेठकडं जाऊन मागा."

"जाऊ दे गं. पांडुरंग बघतोय."

"बघतोय ना? मग त्याला बघू द्या, तुमी मागताना!"

बघा! असं बोलता आलं तर कीर्तनकार कशाला लागतात? तुमच्यातल्या किती जणी घरी असंच बोलतात, आणि इथं येऊन गप्प बसतात! असो.

पुंजाबा गेला शेठच्या ऑफिसात. गार हवा, काचेचं टेबल. चप्पल बाहेर काढून आत गेला. म्हणाला, "शेठ, आजारी बाईची गाडी आहे. तेवढी दुरुस्त करून द्या."

शेठनं खुर्चीतूनच मोबाइल पुढं केला. "हे बघा. पाया कोण पडतंय कुणाच्या? ज्याची चूक असते तोच पाया पडतो ना बाबा? सगळ्या तालुक्यानं पाहिलंय. मी तुमच्याकडून काही मागत नाही, हे उपकार समजा."

चोर तो चोर, वर शिरजोर!

 पुंजाबा त्या मोबाइलात स्वतःकडं बघत राहिला. त्यात एक म्हातारा वाकत होता, पुन्हा वाकत होता, पुन्हा वाकत होता. खाली कुणीतरी हसणारी तोंडं टाकलेली. त्याला गाडीचं काही वाटलं नाही हो त्या वेळी! त्याला वाटलं, आपण आयुष्यभर जे केलं ते असं दिसतं? हे असं?

तो घरी आला. आणि मंडळी, तेव्हापासून एक गोष्ट झाली.

देवळात काकडा संपला. रोजच्यासारखे म्हातारे वारकरी, आप्पा, त्याच्या पायाशी वाकले. आणि पुंजाबा वाकला नाही! उभाच राहिला. हात जोडले, इकडं तिकडं पाहिलं, कुणाच्या हातात मोबाइल आहे का ते पाहिलं, आणि तसाच मागं सरकला. आप्पा खालून वर बघायला लागले. वाकलेला माणूस दुसऱ्याच्या वाकण्याची वाट बघत राहिला, आणि तो वाकलाच नाही. आप्पांना कुणी शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

हौसाबाईनं ते पाहिलं.  घरी आली, पदर खोचला, आणि म्हणाली — आणि हे वाक्य, मायबाप, मनात नाही, गाठीला बांधा! — म्हणाली, "गाडी ठोकली तर ठोकली. पण त्या माणसानं तुमचा नमस्कार नेला. तो पहिला परत आणा!"

पुंजाबा म्हणाला, "अगं, पण मागायचं कसं? सगळ्यांत देव बघायचा म्हणतो आपण. देवाकडं गाडीचं बिल मागू?"

"तुमी वाकला ते कुणाला? त्याच्यातल्या माऊलीला ना? गाडी काय माऊलीनं ठोकली? गाडी ठोकली त्या माणसानं, मोबाइलवर बोलता बोलता! नमस्कार माऊलीला, आन बिल माणसाला! त्यात काय चुकलं?"

अहाहा! वाजवा, वाजवा, एकदा मृदंग वाजवा! विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!

पुढं ऐका. दोघं नवराबायको गेले पोलीस ठाण्यात. पुंजाबाला पायरी चढवेना. जन्मात कधी चढला नव्हता. हौसाबाई मागून म्हणते, "चढा, देवळाला पण पायऱ्याच असत्यात!" आत फौजदारीणबाई, शिरोळे मॅडम. कुणी म्हणालं, "मॅडम फार कडक आहेत." पुंजाबाला वाटलं, झालं, आता हात दाखवून अवलक्षण!

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेठला बोलावलं. शेठ आला तो मोबाइल हातात घेऊनच. "मॅडम, उगाच कागद खराब करू नका. पुरावाच आहे माझ्याकडं." लावला व्हिडिओ.

मॅडमनी पाहिला. परत पाहिला. मग विचारलं, "बाबा, तुम्ही यांच्या पाया का पडलात?"

"ते पहिले वाकले, ताई."

"खोटं!" शेठ म्हणाला. "कुठंय यात? दाखवा! मी कशाला वाकेन?"

आता काय करायचं? रसवंतीवाल्यानं पाहिलं होतं, पण त्याच्या दुकानापुढचा रस्ता शेठच करणार होता. मोसंबीवाल्यानं पाहिलं होतं, पण तो म्हणे, "मी मोसंब्याच गोळा करत होतो." शेठच्या वाकड्यात जातंय कोण? पुंजाबा म्हणतो वाकला, शेठ म्हणतो नाही. एकाकडं नुसती जीभ, दुसऱ्याकडं मोबाइल. आजच्या काळात कोण जिंकतं, मंडळी? बोला!

 मॅडमनी पुंजाबाच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं. मग त्या उठल्या. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. हवालदाराला म्हणाल्या, "मोबाइल काढा. बाबांवर धरा. मी सांगते तेव्हा सुरू करा."

मोबाइल! पुन्हा मोबाइल! पुंजाबा एक पाऊल मागं सरकला. हौसाबाईनं त्याची बंडी मागून धरली.

मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या. "रामकृष्ण हरी, माऊली," म्हणाल्या, आणि त्या वर्दीतल्या बाईनं वाकून पुंजाबाच्या पायावर डोकं ठेवलं.

थांबा! मृदंग नको. टाळ नको. श्वास घ्या, आणि आता बघा त्या म्हाताऱ्याकडं.

समोर शेठ. बाजूला मोबाइल. वाकला तर? परत तेच! परत पाया पडताना दिसणार, परत लोक हसणार, परत शेठ म्हणणार, बघा, पोलिसांच्यासुद्धा पाया पडतो, चूक याचीच! शहाणा माणूस काय करील? ताठ उभा राहील! देवळात उभा राहिला होता तसा. हौसाबाई मनात म्हणतेय, वाकू नका! तुम्हीसुद्धा म्हणताय, वाकू नको! मीसुद्धा म्हणतोय!

मॅडम सरळ झाल्या. हवालदाराला खूण केली.

आणि पुंजाबाच्या पायांना तो कपाळाचा स्पर्श झाला होता ना — तो नुसता खाली राहिला नाही. वर चढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणाला, हसू दे कुणाला हसायचं ते! "माऊली, माऊली!" — आणि वाकला! पूर्ण वाकला! मॅडमच्या बुटांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. त्याचा नमस्कार त्याला परत मिळाला होता हो! अजून गाडीचा एक स्क्रूसुद्धा मिळाला नव्हता, पण नमस्कार मिळाला होता!

मॅडमनी त्याला उठवलं. हवालदाराचा मोबाइल घेतला आणि शेठपुढं धरला. त्यात काय होतं? फौजदारीणबाई ताठ उभ्या, आणि म्हातारा त्यांच्या पायावर!

"बघा जयवंतशेठ. आता मला सांगा — या बाबांनी माझं काय ठोकलं?"

अरे वाजवा आता! आता का थांबलात? विठ्ठल! विठ्ठल!

 मॅडम म्हणाल्या, "माझी आजी माळकरी होती. मी लहानपणी मुद्दाम दिवसातून दहा वेळा तिच्या पाया पडायचे, तिला दहा वेळा वाकायला लावायचे. फार मार खाल्लाय त्यासाठी. पहिला वाकतो कोण ते मला माहीत आहे. आता ऐका. मी न्यायाधीश नाही, मी तक्रार नोंदवणार. पुढं तुम्ही विम्यातून भरा, कोर्टातून भरा नाहीतर खिशातून भरा. उभ्या गाडीला धडकलात, तेही फोनवर बोलत. रसवंतीवाल्याला आणि मोसंबीवाल्याला मी उद्या चहाला बोलावणार आहे. पोलिसांच्या चहाला सगळ्यांना सगळं आठवतं."

शेठनं घाम पुसला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण थोडा सैल होतो बरं का! म्हणाला, "भरतो मॅडम. कुठंय गॅरेजचं बिल?" हौसाबाईनं पिशवीतून गॅरेजवाल्यानं लिहून दिलेला कागद पुढं केला. शेठनं नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळं भरतो. मिटवा."

इथं आख्यान संपलं असतं. तुम्ही आम्ही असतो तर संपलंच असतं! पण पुंजाबानं चष्मा लावला, त्या कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे काढा."

"काय काढा?"

"डावा दरवाजा. तो पोचा यांचा नाही. तो आमच्या म्हशीचा. उन्हाळ्यात तिनं शिंग मारलं होतं. गॅरेजवाल्यानं भलेपणानं यांच्या नावावर घातलाय. वड्याचं तेल वांग्यावर कशाला?"

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "लिवा मॅडम, म्हशीचं आमी म्हशीकडून घेऊ!"

सगळं ठाणं हसलं. शेठ मात्र हसला नाही. तो पुंजाबाकडं बघत राहिला. म्हणाला, "बाबा, मी कबूल केलं होतं. गप्प बसला असतात तर दरवाजा नवा मिळाला असता."

"मिळाला असता. मग मी तुमचं देणं लागलो असतो, आणि तुम्ही मागायला इथंच आला असता. कशाला मॅडमना पुन्हा त्रास?" आणि मग — मंडळी, इथं कान द्या! — या जाऊद्याबाबानं, ज्यानं वाकवलेल्या पहारीचंसुद्धा कधी कुणाकडं काही मागितलं नाही, घसा साफ केला आणि म्हणाला, "पण एक राहिलंय, ते घाला. गाडी बंद होती तेव्हा इंदूताईला रिक्षानं न्यावं लागलं. ते भाडं तुमच्याकडं. आणि ते मी मागतोय, शेठ. उपकार म्हणून नाही."

म्हशीचं वजा, रिक्षाचं अधिक! जितकं लागतं तितकं. एक पै जास्त नाही, आणि बरं का जाऊद्यांनो — एक पै कमीही नाही!

शेठ उठला. काय झालं त्याला, कोण जाणे. टेबलाजवळ येऊन खरोखरचा वाकला. या वेळी गर्दी नव्हती, बाह्या वर केलेला कुणी नव्हता, ब्रेक मारायचं काही कारण नव्हतं. आणि पुंजाबा? विचारता काय! तोही वाकला. दोघं खाली, मॅडम वर! मॅडम म्हणाल्या, "उठा आता, नाहीतर लोक म्हणतील मीच दोघांची गाडी ठोकली."

व्हॅन आली. नवा दिवा, नवं बॉनेट, आणि डाव्या दरवाज्यावर म्हशीचा पोचा जसाच्या तसा. इंदूताई मागं बसली, पाय वर घेतले. फाट्यावरून जाताना रसवंतीवाल्यानं हात केला, मोसंबीवाल्यानं पिशवी आत टाकली आणि पैसे घेईना. इंदूताईनं डोळे मिटले आणि सुखाचा श्वास सोडला. म्हणाली, "पुंजाबा, सावकाश चालव रे. आज घाई नाही कशाची." आणि देवळात? देवळात आप्पा आले, वाकले, आणि पुंजाबा असा खाली गेला की आप्पाच म्हणाले, "अरे हळू, कंबर धरंल!"

तर मिळालं उत्तर? माळकऱ्यानं मागावं का? मागावं! पण हातात ताजवा धरून मागावं. तुमच्या मागण्यात तुमच्या म्हशीचा पोचा घुसवू नका. आणि आपलं हक्काचं सोडून दिलं म्हणजे भक्ती झाली, असंही समजू नका. तुम्ही 'जाऊ द्या' म्हणता, तेव्हा जातं कुणाचं? तुमचं नाही जात. मागच्या सीटवर बसलेल्या इंदूताईचं जातं!

आणि शेठच्या बाजूचे जे इथं बसलेत, त्यांनाही सांगतो. चूक झाली तर वाका. जरूर वाका! पण वाकून उठल्यावर पळू नका. नमस्कारानं दिवा बसत नाही, मंडळी. दिवा बसवावा लागतो.

आता चिंचेखालचं! विसरलो वाटलं? मघाशी एका गाडीनं मागं घेताना दुसऱ्या गाडीच्या दाराला चांगला ओरखडा काढला. चालवणारा उतरला, ओरखड्यावर बोट फिरवलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि बोट धोतराला पुसून मंडपात येऊन बसला. मी नाव घेणार नाही. गाडी कुणाची तेही सांगणार नाही, ती माऊली इथंच बसलीय, तिला अजून माहीत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो — आरतीआधी, ज्याचं असेल त्यानं हात वर करावा. इथं कुणी व्हिडिओ काढणार नाही. मोबाइल खाली ठेवा रे!

करा हात वर. वाट बघतो मी.

...आला! आला, मागून हात आला! वा, माऊली, वा! उभे राहा — अहो, पण तुम्ही नाही! तुमची गाडी मी पाहिलीच नव्हती. तुम्ही कुठं धडकलात? आणि ते खांबापाशी, तुम्ही? तुम्हीसुद्धा? अहो मी एकच पाहिला होता! आणि पाटील, तुमचा हात कशासाठी? — लिंबासाठी? भावाशी बोलायचंय?

मृदंगमहाराज, आरतीचा ठेका जरा उशिरा धरा. आधी या सगळ्यांना चिंचेखाली जाऊन येऊ द्या.